बटण बाहेर आहे

ठाकुर्ली, ९ डिसेंबर

प्रिय वहिनी,

परवा तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर शेवटी देते. फोनवर तुम्ही रडता, म्हणून लिहिते आहे. आधी गीझरचं.

काल भिवा मेकॅनिक येऊन गेला. दर डिसेंबरात तो आमचा गीझर उघडतो. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी मिसळतात, त्यामुळे वर्षभरात कॉइलवर पांढरा थर चढतो. तो खरवडायचा, टाकी धुवायची, आतली दांडी झिजली असेल तर बदलायची. ती गंज स्वतःवर घेते म्हणून टाकी वाचते. तापमान पंचावन्नच्या वर न्यायचं नाही. नळाला पाणी नसेल त्या दिवशी बटणाला हात लावायचा नाही. चौदा वर्षं झाली, अजून थेंब गळत नाही. भिवा म्हणतो, "बाई, हा गीझरसुद्धा तुम्हाला घाबरतो."

डोंबिवलीतला आपला गीझर मात्र चार वर्षांत गेला. दादाने किती हौसेने आणला होता! बटण न्हाणीघराबाहेर, तुमच्या ओट्याशेजारी. दादाची आणि तुमच्या छोट्या प्रशांतची आंघोळ झाली की मी आत जायची. केसांना शिकेकाई लावली की बाहेर खट्. पुढचे तांबे गार. "सारखा चालू ठेवला की गीझर जातो गं," तुम्ही दाराबाहेरून सांगायचात, "आणि सासरी काय तुझ्यासाठी बंब पेटवून बसणारेत?" मी एकोणीस वर्षांची होते. आईवडील नव्हते, राहायला तुमच्याशिवाय दुसरं घर नव्हतं. त्यामुळे दारावर थाप मारायची सोय नव्हती. बी.एस्सी.ची तिन्ही वर्षं अशीच गेली, जानेवारीसकट.

गीझर जळला तेव्हा सखाराम मिस्त्रीने टाकीतून अर्धी बादली पांढरे खडे काढले. कधी उघडलाच नाही म्हणून गेला, असं तो तुमच्यासमोर म्हणाला. संध्याकाळी तुम्ही दादाला सांगितलंत, शालन तासन्‌तास चालू ठेवायची. दादा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. माझा विषय रसायनशास्त्र होता, वहिनी. ते खडे कशाचे, हे मला पाठ होतं. 

आता उत्तर. दादा गेल्यावर डोंबिवलीचं घर विकून प्रशांतने माजिवड्याला चार खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि त्यात तुमच्यासाठी खोली निघाली नाही. माझ्याकडे आहे. या. रविवारी रिक्षा घेऊन येते, सामान बांधून ठेवा. खोलीला लागून न्हाणीघर आहे, बसायला स्टूल ठेवलंय. बटण बाहेर आहे, माझ्या ओट्याशेजारी. तुमची आंघोळ संपेपर्यंत मी ते एकदाही बंद करणार नाही. हवं तेवढं ऊन पाणी घ्या. पण अंगाला साबण लावलात की तुमचा हात थांबेल, आणि तुम्ही दाराकडे कान लावून बसाल. रोज. तेवढ्यासाठीच तुम्हाला बोलावते आहे.

तुमच्याच घरात वाढलेली,
शालन