मरघलरासाठी तुतीखालची जागा

मी, बीबी झरघूना, हजरतगुलची विधवा, राहणार शनाकोट, लघमान. पोटाच्या दुखण्यानं अंथरूण धरलं असलं तरी डोकं ठिकाणावर आहे. अल्लाहला स्मरून आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता, मास्तर नूरआगांकडून हे लिहवून घेत आहे.

घर आणि खालची शेतं शरियतप्रमाणे माझ्या दोन मुलांची आणि मुलगी पलवशाची. 'भावांना हक्क बक्षीस दिला' म्हणून बहिणीचा अंगठा घेण्याची आमच्याकडे रीत आहे. ती या घरात चालणार नाही. शिवणयंत्र थोरल्या सुनेला. तिचा हात माझ्याहून सरळ चालतो.

शेरदिलच्या घराण्याशी आता वैर नाही. मात्र त्यांच्या सरवरनं माझ्या लग्नात मला 'दोन जरिबांची नवरी' म्हटलं, ते मी माफ केलेलं नाही. तो असं का म्हणाला, हे नातवंडांना ठाऊक असावं.

माझ्या भावाच्या हातून शेरदिलचा मुलगा मेला. तो खून मिटवण्यासाठी जिरग्यानं, गावच्या पंचांच्या बैठकीनं, मला त्या घरी द्यायचं ठरवलं. मी तेव्हा बाहुल्या खेळत होते. त्या वर्षी हंगेरीची मार्गिट नावाची बाई आमच्या लोकांच्या चालीरीती अभ्यासायला गावात उतरली होती. नाव जिभेवर बसेना, म्हणून आम्ही तिला मरघलरा, म्हणजे मोती, म्हणू लागलो. परदेशी म्हणून ती पुरुषांत बसे, बाई म्हणून चुलीपाशीही. माझी आई तिच्याकडे गेली.

मरघलरा म्हणाली, "बहिणी, मी पाहायला आले आहे. मधे बोलणं माझ्या कामात बसत नाही."

आई म्हणाली, "मग नीट पाहा हो. शुक्रवारी पोरीला नेतील, तेव्हा ती कशी रडली तेही लिहून घे."

शुक्रवारी मरघलरा भर जिरग्यात उठली. मुख्य होता मलिक जानदाद. ती त्याला म्हणाली, "मलिकसाहेब, तुमची आजीही अशीच खुनाच्या बदल्यात आली होती. मरेपर्यंत तिचं ताट वेगळं होतं. मला तुमच्या आईनं सांगितलं. त्यानं वैर मिटलं का, तेही त्यांनाच विचारा."

मलिक म्हणाला, "माझी आई खोटं बोलत नाही." माझ्याऐवजी दोन जरीब, म्हणजे एकरभर, जमीन शेरदिलकडे गेली.

पण घरातली गोष्ट चारचौघांत काढली म्हणून मलिकनं तिला खोरं सोडायला लावलं. तिकडे तिच्या वरिष्ठांनीही ठपका ठेवला. हातातलं काम अर्धंच राहिलं. पुढे युद्ध आलं, आम्ही पेशावरच्या छावणीत पडलो, तेव्हा तंबूतंबूतून विचारत ती पुन्हा आली. आधी मलिकच्या आईची माफी मागितली. म्हातारी म्हणाली, "तुला सांगितलं ते काय पोटात ठेवायला होय?"

छावणीत बसून तिनं राहिलेलं काम पुरं केलं. तिचं पुस्तक मोठ्या शहरांत वाचतात म्हणे. त्यात तिनं गावाचं आणि माणसांचं नाव बदललं. कुणाच्या अब्रूला धक्का लागू दिला नाही. एवढं शिकून इतकं ऐकून घेणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आम्ही परतलो तेव्हापासून ती आमच्या वरच्या खोलीत राहते. शेवटही इथेच व्हावा असं म्हणते. धर्म वेगळा, तेव्हा गावाच्या कबरस्तानावरून कुणाशी तंटा नको. कालव्याकाठी तुतीखालची जागा लग्नात मेहर म्हणून मला मिळालेली आहे, आणि शरियत माझ्या इच्छेनं द्यायला मुभा देते त्या एक तृतीयांशात बसते. ती मी तिला देते. जगेल तोवर सावली तिची, नंतर कबर तिची. तिच्या मुलखातून कुणी न्यायला आलं, तर आधी चहा द्यावा, मग नाही म्हणावं.

दगडावर 'पाहुणी' असं लिहू नये.

झरघूना (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार: मुल्ला अब्दुलबसीर, तोरयालई वल्द मलिक जानदाद

शनाकोट, ७ मीझान १३८४ (सप्टेंबर २००५)