निळी पुडी, पांढरी पुडी आणि लिंबागणेशची सभा

मु. नांदूरघाट, तालुका केज
सन १३३१ फसली

तीर्थरूप दाजींचे सेवेशी,

उत्तरेश्वराचा साष्टांग नमस्कार. अक्कांचा खोकला उतरला असेल आणि हैदराबादचे पाणी आपणांस मानवत असेल. इकडे सर्वांचे बरे आहे. माझे पोटही बरे आहे, आणि तेच सांगायला हे पत्र.

आपण पाठविलेले फसफसणारे विलायती औषध पोचले. (निळ्या कागदात एक पुडी, पांढऱ्यात एक.) आजवर मी जगात दोनच शक्ती मानत होतो, वाणी आणि विद्या. आता तिसरी मानतो. चतुर्थीला लिंबागणेशात देवळाच्या ओट्यावर माझे भाषण होते, 'अंगात येणे हे निव्वळ ढोंग'. तीन वर्षे हा विषय मी गावोगाव मांडतो आणि तीन वर्षे लोक मधूनच उठून जातात. या खेपेस चारशे माणूस जमले, आणि माझे पोट पाच दिवस बंद. आवाज बेंबीपासून काढावा लागतो, आणि तिथेच वायू ठाण मांडून बसलेला.

तेव्हा बोलायला उभे राहण्याआधी आपल्याकडे चूर्ण घेतात तसेच ते घेतले. निळ्या पुडीची फक्की, तिच्यावर पांढरीची फक्की, वरून तांब्याभर पाणी. (दोन पेल्यांत वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करून प्यावे, ही आपली चिठ्ठी मी घरी आल्यावर वाचली. पदार्थविज्ञानाचे तीन ग्रंथ वाचलेल्याला पुडी कशी खावी हे चिठ्ठीने शिकवावे, हे तेव्हा पटले नव्हते.)

'बंधू' एवढेच बाहेर आले. 'भगिनी' फेसात गेल्या. तोंडातून फेस, नाकातून फेस, मिशांवरून छातीवर फेस. चुलीवाचून, विस्तवावाचून माणूस उतू जातो हे मी प्रथमच पाहिले, आणि तो माणूस मीच. डोळे फिरले, अंग थरथरू लागले. पुढेच बसलेली भामाबाई नावाची म्हातारी पदर पसरून उठली. "आई, कावून कोपलीस? माझी म्हस कवा गाभण ऱ्हाईल तेवढं सांग." मी कोणाची आई नाही हे सांगायला तोंड उघडले, तर असा ढेकर निघाला की शिखरावरची कबुतरे उडाली. चारशे माणूस जमिनीला टेकले. आश्रुबा पाटील मागच्यांवर खेकसले, "गप ऱ्हावा बे, आईला बोलू द्या."

मग छाती मोकळी झाली आणि मी दीड तास बोललो. अंगात येणे खोटे, तिथे जाऊन प्रश्न विचारणे त्याहून खोटे. एकजणही हलला नाही. शेवटी सगळ्या गावाने हात जोडून शपथ घेतली की इथून पुढे अंगात आलेल्याचे ऐकायचे नाही, कारण खुद्द आईनेच तसे बजावले आहे.

तेवढ्यात औषधाचा दुसरा गुण आला. मी तांब्या उचलून ओढ्याकडे पळालो. मागे हलगी, हळदकुंकू आणि अनवाणी चारशे माणूस. ("आई न्हायाला निघाली.") दाजी, ग्रंथांनी जे तीन वर्षांत झाले नाही ते चिमूटभर पुडीने एका दुपारी केले. मी अजून थक्क आहे.

आपला आज्ञाधारक,
उत्तरेश्वर

ता. क. : हे यश ढोंगाचे आहे आणि माझ्या तत्त्वांस ते मान्य नाही. अशी पुडी पुन्हा हाती धरणार नाही.

आणखी ता. क. : येत्या बाजारी युसूफ वडगावला शिंदीच्या व्यसनावर बोलायचे आहे. नुसता फेस येईल, पुढचा गुण येणार नाही, अशी पुडी तिकडे मिळते का, दुकानात जरूर विचारावे. चार जोड्या पुरतील. न मिळाल्यास हीच पाठवावी. सभा मी नदीकाठी ठेवतो.