वंशावळीतली खाजगी व्यक्ती

२ मार्च, रविवार. सकाळी.
आजपासून घराण्याचा इतिहास शोधणे. ऑनलाइन. टप्पे ठरवले. आज साइटवर खाते उघडायचे. पुढच्या रविवारपर्यंत सात पिढ्या. गुढीपाडव्याला शिवकाळ गाठायचा. त्यानंतर थोडी विश्रांती.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मलाच शंका येणार नाही. २३ एप्रिलला मंजूची हळद, दुसऱ्या दिवशी लग्न. मंजू म्हणते, पहिली हळद सत्यभामाआत्या लावणार, नाहीतर कोणीच नाही. लहानपणी आई आजारी होती तेव्हा आत्यानेच मंजूला साताऱ्याकडे नेऊन सांभाळले. पण आत्या आणि आप्पा बोलत नाहीत. आत्याच्या मुलीच्या लग्नाला आप्पा गेले नव्हते. मार्केटला हापूसचा सीझन होता, आणि माथाडी असलेले आमचे आप्पा सीझनमध्ये पाठीवरची पेटी खाली ठेवत नाहीत. माहेरची साडी त्यांनी एसटीच्या कंडक्टरकडे दिली. आत्याने ती त्याच गाडीने परत पाठवली. सोबत निरोप, की साडी घेऊन भाऊ यायचा असतो, पार्सल नाही.

तेव्हापासून बंद. आप्पा म्हणतात, पत्रिका पोस्टाने जाईल. आई म्हणते, मग वन्संही पोस्टानेच येतील.

उपाय माझ्याकडे आहे. मांडवात मोठा फ्लेक्स, त्यावर वंशावळ, त्यात आत्याचे नाव ठळक अक्षरांत. फोटो तिला आधी पाठवायचा. आपले नाव छापलेले बघितले की माणसाचा राग राहत नाही. शुद्धलेखन स्पर्धेत नंबर आला तेव्हा माझे नाव शाळेच्या फळ्यावर होते. मी तेव्हा सगळ्यांना माफ केले होते.

दुपारी.
ओटीपी येत नाही. आला तेव्हा त्याची मुदत संपली होती. पासवर्डमध्ये एक मोठे अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह लागते. तो कुठेही लिहून ठेवू नका, असे साइट सांगते. नियम पाळला.

३ मार्च.
पासवर्ड विसरलो.

९ मार्च, रविवार.
सात पिढ्या झाल्या नाहीत. एक झाली. दोष माझा नाही. पणजोबांचे नाव 'शिवराम' टाकले की साइट त्याचे आपोआप 'शीवराम' करते. चार वेळा दुरुस्त केले. शेवटी कंपनीला ऱ्हस्व-दीर्घाबद्दल सविस्तर ईमेल लिहिला. उत्तर नाही. बहुधा लाजले असतील.

जन्मतारखेच्या रकान्यापुढे लाल तारा आहे, म्हणजे भरावीच लागते. पणजोबांची तारीख आप्पांना विचारली. म्हणाले, नदीला मोठा पूर आला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. साइटवर पूर हा पर्याय नाही.

वायफाय घरमालकांचे, शिवाशेठचे. आमच्या खोलीत सिग्नल येत नाही, म्हणून जिन्यात बसतो. जाता-येता ते मला ओलांडतात. आज थांबले आणि विचारले, "मेलेली मानसा शोधाला तुला जित्या मानसाचा वायफाय कशाला पायजे रं?" घणसोलीत यांच्या सात पिढ्या एकाच गल्लीत राहिल्या. संशोधन म्हणजे काय, ते यांना कसे कळणार.

त्यांची मुलगी उन्नती आयटी शिकते. मदत करू का, म्हणाली. नम्रपणे नकार दिला. हे अभ्यासाचे काम आहे.

२३ मार्च, रविवार.
सात पिढ्या हे उद्दिष्ट अवास्तव होते. चार पुरे. चारांत खोली येते.

साइटने आज स्वतःहून कळवले, की पणजोबा शिवराम सापडले. जहाजातून फिजी बेटावर उतरले होते. आनंदाने आप्पांना सांगितले. आप्पा म्हणाले, त्यांचा आजा कऱ्हाडच्या पुढे कधी गेला नाही, नावेत बसला की ओकायचा. मी नोंद पुसली नाही. समोर लिहिले, 'फिजी: विचाराधीन'.

मंजूने विचारले, आत्याचे कुठवर आले. म्हटले, प्रगतिपथावर. ती म्हणाली, दादा, तू नुसता एक फोन कर ना तिला. या पिढीला सगळे झटपट हवे. (मंजू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान.)

३० मार्च, गुढीपाडवा.
शिवकाळ गाठला नाही. सण होता.

६ एप्रिल, रविवार. संध्याकाळी.
चार पिढ्या पूर्ण! सगळ्या नातेवाइकांचे मोबाइल नंबर टाकून त्यांना वंशावळीत सामील करून घेतले. बरेच जण आले. चुलतकाका दिनानाथ यांनी तर हात जोडल्याचे चित्र पाठवले.

मग छपाईआधी फ्लेक्स कसा दिसेल ते बघितले आणि हादरलो. नावे फक्त गेलेल्यांची दिसतात. शिवराम, रंगूबाई, सदू, सगळे झकास. जिवंत माणसाच्या जागी मात्र 'खाजगी व्यक्ती'. आप्पा खाजगी व्यक्ती. आई खाजगी व्यक्ती. आत्याही खाजगी व्यक्ती, तीही ठळक अक्षरांत. हे बघून आत्या येणार नाही, आलेलीसुद्धा परत जाईल.

उन्नती जिन्यातून जाताना म्हणाली, सेटिंगमध्ये बदलता येत असेल. म्हटले, बघितले. (बघितले नव्हते. बघणारच होतो.)

उपाय अखेर माझा मलाच सापडला. प्रत्येक नावाखाली दोन गोल आहेत, एक 'जिवंत' आणि एक 'मृत'. आत्यासाठी 'मृत' दाबले आणि लगेच पूर्ण नाव झळकले. 'सत्यभामा' एकदम शुद्ध. फक्त मृत्यूच्या तारखेपुढे लाल तारा. खोटी तारीख टाकणे माझ्या तत्त्वात बसत नाही. आजची टाकली.

अर्थात हे छपाईपुरतेच. छापून झाले की आत्या परत जिवंत.

७ एप्रिल. शिवाशेठच्या गाडीत.
रोज लिहायचे हा नियम, म्हणून लिहितो. गाडी हलते आहे, अक्षर बिघडले तर माफी.

साइटने काल सगळ्या नातेवाइकांना मेसेज पाठवला. 'आपल्या कुटुंबातील सत्यभामा यांचे ६ एप्रिल रोजी निधन झाल्याची नोंद झाली आहे. श्रद्धांजली वाहण्यासाठी येथे दाबा.' सकाळी दिनानाथकाकांनी आप्पांना मार्केटमध्ये फोन केला, की बहीण गेली आणि तू पेट्या कसल्या उचलतोस? आप्पांनी भर सीझनमध्ये पेटी खाली ठेवली. वाशीत जाऊन स्वतः हिरवी साडी घेतली. सवाष्ण गेली की तिच्या अंगावर माहेरचे लुगडे पडावे लागते, आणि ते भावाने न्यायचे असते. घरी आले तेव्हा साडी काखेत होती.  शिवाशेठनी न विचारता गाडी काढली. म्हणाले, "बहीन ती बहीनच."

मला तुर्भ्याला, माझ्या कामाच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात, मंजूचा रडत फोन आला. चलन अर्धे टाकून निघालो.

सांगायचे आहे. योग्य वेळ बघतो आहे. आत्याच्या घरचा फोन सारखा एंगेज लागतो, कारण सगळेच लावत आहेत. आई आणि मंजू मागे रडत आहेत. आप्पा पुढे खिडकीकडे तोंड करून बसले आहेत, साडीची पिशवी मांडीवर. लोणावळ्याला सांगणार होतो, पण चहा आला.

खंबाटकी घाट.
शांतपणे विचार केला. आत्याचे वय झाले आहे. योगायोगही असू शकतो. समजा ती खरोखरच गेली असेल, तर माझी नोंद अचूक ठरते.

हे वाक्य लिहिले आणि माझे मलाच बरे वाटले नाही. खोडणार होतो. रोजनिशीत खाडाखोड नको.

८ एप्रिल.
काल जे झाले ते क्रमाने.

आत्याच्या अंगणात तीन गावचे पाहुणे जमले होते. आत्या स्वतः त्यांना चहा देत होती.

गाडीतून उतरून आई किंचाळली, मंजू धावली. आप्पा फाटकातच उभे राहिले. आत्याने चहाचे ताट खाली ठेवले आणि तिथूनच विचारले, "काखेत काय हाय?"

आप्पा म्हणाले, साडी.

"कुणाला?"

 माझे आप्पा, आयुष्यभर ओझी उचललेले, त्यांना ती पिशवी पुढे करता येईना. आत्या चालत आली. पिशवी घेतली, साडी काढली, पदर उलगडून उजेडात धरला.

"रंग ब्येस हाय," म्हणाली. "मी मेल्यावर का हुईना, हातानं घिऊन आलास."

मग दोघे रडले. मीही रडलो, पण माझे कारण वेगळे होते.

कारण लवकरच सगळ्यांना कळले. दिनानाथकाकांनी मेसेज मोठ्याने वाचला, खाली माझे नाव होते. आत्याने मला जवळ बोलावले. "व्हय रं कुलदीप, सकाळधरनं मी शंभर माणसांला सांगतीया, मी हाय म्हणून. एक म्हातारी तर मला हात लावून बघून गेली. काय केलंस काय तू मला?"

लाल तारा समजावून सांगितला. कोणाला पटला नाही. शिवाशेठ म्हणाले, "बरा जाला, यान् मना मालकाचा भारेकरू करून लिवला नाय."

निघताना आत्या मंजूला म्हणाली, की हीच साडी नेसून तुझ्या हळदीला येणार, आणि आठ दिवस आधी येणार.

निष्कर्ष. उद्दिष्ट साध्य. पद्धतीत किरकोळ बदल. परतीच्या वाटेवर आप्पा माझ्याशी बोलले नाहीत, पण ते गाडीत कोणाशीच बोलत नाहीत.

१६ एप्रिल.
आत्या आली. आमच्या खोलीत आता पाच माणसे, म्हणून माझे संशोधन कायमचे जिन्यात.

२० एप्रिल, रविवार.
आत्याला तेव्हाच जिवंत केले होते. आज तिने फ्लेक्स बघायला मागितला. मोबाइल डोळ्यांजवळ धरून विचारले, माझं नाव कुठाय? म्हटले, ही खाजगी व्यक्ती आहे ना, ती तू. जिवंत माणसाचे नाव साइट दाखवत नाही.

आत्या म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे मला मेलेलीच. चार माणसांत नाव तर दिसंल."

मग आईलाही तिचे नाव दिसायला हवे झाले. नंतर आप्पा म्हणाले, त्यांचेही बघ. वरपक्ष येणार, तर नवरीचे नाव नको का? आणि संशोधकाचे?

सगळ्यांना 'मृत' केले. तारीख आजची, तत्त्व तेच. मात्र या वेळी मेसेज पाठवण्याचा पर्याय आधी बंद केला. अनुभवातून शिकणे यालाच म्हणतात. छापायला पाठवले. शुद्धलेखन दोनदा तपासले, एकही चूक नाही.

२३ एप्रिल. हळद.
सकाळी फ्लेक्स लावला. भव्य दिसत होता. आत्या हिरव्या साडीत त्याच्यासमोर उभी राहिली, आपल्या नावावरून बोट फिरवले, आणि जाऊन मंजूला पहिली हळद लावली. मंजू हसत होती. मला म्हणाली, थँक्यू दादा. हे इथे लिहून ठेवतो.

मग वरपक्षाकडून लग्नाचा शालू घेऊन नवऱ्या मुलाचे मामा आले. त्यांनी फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला. चपला काढल्या. नमस्कार केला. शिवाशेठना बाजूला घेऊन हळूच विचारले, की असा कसला अपघात झाला, २० तारखेला नवरीसकट सगळं घरच गेलं, मग उद्या लग्न कुणाशी लावायचं?

शिवाशेठ म्हणाले, "सगली हायत. पोरगा कम्प्युटर शिकतंय."

मामांचे समाधान झाले, पण एव्हाना कोणीतरी फ्लेक्सला झेंडूची माळ घातली होती. मग आप्पांनी तो उतरवला. आचाऱ्याला वाऱ्याला आडोसा हवाच होता. जेवताना बघितले तर शिवराम आणि रंगूबाई चुलीच्या बाजूला आले होते. शिवरामपुढचे 'फिजी: विचाराधीन' तेवढे वाफेने पुसले गेले.

२७ एप्रिल, रविवार. सकाळी.
मंजू सासरी सुखरूप. आत्या अजून इथेच. आप्पा तिला रोज मार्केटमधून आंबे आणतात, एक एक निवडून.

ठरल्याप्रमाणे आज सगळ्यांना परत जिवंत करायला बसलो. या वेळी पासवर्ड आठवला. साइट उघडली आणि हे आले, 'या खात्याच्या मालकाचे निधन झाल्याने खाते बंद करण्यात आले आहे. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. खाते पुन्हा सुरू करण्यासाठी वंशावळीतील जिवंत वारसाने अर्ज करावा.'

वारस म्हणून मंजूचे नाव टाकले. नाकारले. आप्पांचे टाकले, आईचे टाकले. शेवटी आत्याचे. सगळ्यांना एकच उत्तर, 'ही व्यक्ती मृत आहे'.

उन्नतीला हाक मारली आहे. ती आत्ताच नाहून आली आहे. येते म्हणाली, केस वाळले की.