पहिलं नाव मामाचं

१ जुलै
दीपा बारावी झाली. घरात कॉलेजचं तोंड बघणारी ही पहिलीच, म्हणून तिचे वडील भिकनभाऊ तिला घेऊन माझ्याकडे. म्हणे, बाई, शाळेत गणित तुम्हीच शिकवलं, आता हेही निस्तरा. गवंडी माणूस. पायरीवरच बसले, आत येईनात. मी ओरडले तेव्हा आले. पोरीला इलेक्ट्रिकलच हवंय. हवंच. माझा मिक्सर तिने नववीत असताना उघडला होता, अजून चालतोय.

४ जुलै
शाळेच्या कॉम्प्युटरवर फॉर्म. दाखले सगळे पोरीने पिशवीत ओळीने लावलेले, मलाही इतकं जमत नाही. धुळ्याच्या कॉलेजात इलेक्ट्रिकल आहे, मुलींचं हॉस्टेल आहे, आणि मिळण्याइतके मार्कही. खुशीत चहा केला, साखर विसरले. बापलेक गुपचूप प्यायले.

७ जुलै
डोकं फिरलं आज. पसंतीची यादी दीपाने भरायची होती. बापाने सांगितली तशी भरली. एक नंबरला जळगावचं कॉलेज! तिथे इलेक्ट्रिकल नाहीच, नुसतं सिव्हिल. का, तर जळगावला मामा राहतो. लग्नात देवानंतर पहिली पत्रिका मामाला, तसंच हे.
"आमनाकडे बठ्ठं मामापाईन सुरू व्हस, बाई." म्हणजे सगळं मामापासून.
म्हटलं, भाऊ, ही पत्रिका नाही. एक नंबरचं लागलं की तेच घ्यावं लागतं, मग धुळं विसरा. भाऊ हळूच म्हणाले, मामाला सांगून झालंय, तुमच्या जळगावचं नाव पहिलं आहे म्हणून. त्याने भाचीसाठी टेबलही आणून ठेवलंय.
दीपा नखं कुरतडत उभी. मी तिच्यावरही खेकसले, तुला तोंड नाही का? नको होतं खेकसायला. दिवसभर वाईट वाटत राहिलं.

८ जुलै
यादी पक्की करायला उद्यापर्यंतच मुदत. मेव्हण्याला फोन करायला भिकनभाऊ धजेनात. मधल्या सुट्टीत दीपा आली, म्हणाली, मीच बोलते. माझ्यासमोर लावला. आधी मामीची तब्येत, मग मामेभावंडं, मग म्हैस. मी खुणा करून थकले. शेवटी म्हणाली, "मामा, टेबल खूप आवडलं. पण मला इलेक्ट्रिकल शिकायचंय."
पलीकडून फोनच बंद. पोरगी रडली नाही, मलाच पाणी प्यावं लागलं.

९ जुलै
सकाळी शाळेच्या फाटकात मामा! पहिल्या एसटीने जळगावहून इथे भडगावला आलेला. मागे भिकनभाऊ, मान खाली. म्हटलं, झालं, आता भांडण. मामाने यादी मागितली, बोट ठेवून वाचली. मग भिकनभाऊंकडे वळून म्हणाला, "मना मान लगीनमा द्या. आठे दीपाना मान शे." त्याचा मान लग्नात, इथे मान दीपाचा.
दीपाने धुळं वर घेतलं. जळगावचं काढून टाकू का, विचारलं. मामा म्हणाला, राहू दे शेवटी, नाव तर असू दे. बटण दीपानेच दाबलं. भिकनभाऊंनी माझ्या पायाला हात लावला, मी ओरडले, मग मलाच भरून आलं.

१३ जुलै
प्रवेशाची यादी आज लागणार. साइट उघडेना. भिकनभाऊ काम सोडून तीनदा शाळेत येऊन गेले. दीपा माझ्या शेजारी बसून आहे.
मामाचा फोन मला. बाई, धुळ्याच्या हॉस्टेलात टेबल असतं का हो?
म्हटलं, आधी नंबर तर लागू दे.
म्हणाला, लागो तेव्हा लागो, मी टेबलाचे पाय सोडवून ठेवलेत, टेम्पोत मावेल.
साइट अजून फिरतेच आहे.