पत्र्याचा बिल्ला

प्रिय बन्सीलाल,

पाटी रेवजीच्या गळ्यातून निघून दिवलीच्या गळ्यात पडली, तेव्हा मी फळ्यावर ‘प्रतीक’ हा शब्द लिहीत होतो. मागे वळलो नाही. शब्द पुरा केला.

तुझ्या मासिकासाठी पाठवलेली कथा आज सातवीला वाचून दाखवली. पुढच्या काळातलं, सन दोन हजारातलं शहर. वेशीवर मुकादम माणसांची बोली काढून घेतो. चुकून कुणी घरचा शब्द बोललं, तर गळ्यात पत्र्याचा बिल्ला. दुसऱ्याला पकडून दिलं की सुटका. तू लिहिलं होतंस, ‘मास्तर, पोरेसले कोडं घालू नको, अर्थ सांगी टाक.’ म्हणून बिल्ला म्हणजे काय, हे आधी मुलांनाच विचारलं.

दिवली कधी हात वर करत नाही. आज केला. उठली आणि घाईत घरच्या पावरी बोलीतच बोलून गेली: रेवजीच्या गळ्यात आहे तोच की. मुलं हसली, मी शब्द लिहायला फळ्याकडे वळलो. रेवजीने पाटी काढून तिला घातली आणि शुद्ध मराठीत म्हणाला, ‘घे, शहाणे. उद्या तू अंगण झाड.’ शाळेचा नियमच तो. घरची बोली तोंडून निघाली की पाटी. संध्याकाळी ती ज्याच्या गळ्यात, त्याने सकाळी झाडायचं.

आमची पाटी लाकडाची आहे. एवढ्यावरून मला बिल्ला कल्पनेतला वाटत होता.

इथे डोंगरातल्या आश्रमशाळेत येऊन सात वर्षं झाली. पहिल्या वर्षी सातवीच्या फायनल परीक्षेला सगळी मुलं मराठीत नापास झाली. जामसिंग त्यांतला सर्वांत हुशार; तो लाकूडतोडीला गेला. मग मीच सुताराकडून पाटी करून घेतली. आपण दोघांनी शाळेत घरच्या अहिराणीपायी छड्या खाल्ल्या होत्या. मी छडी वापरत नाही, याचं मला समाधान होतं. मुलं पास होऊ लागली. गेल्या होळीनंतर दिवलीची आई, रुखमाबाई, भेटायला आली. पोर तिच्याशी मराठीतच बोलत राहिली. रुखमाबाईला कळेना. ती आधी हसली, मग हसायची थांबली. मला तेव्हा अभिमान वाटला होता.

कथा छापू नकोस, एवढ्यासाठीच हे पत्र. तिच्यातला वेशीवरचा मुकादम क्रूर आहे. मुलं त्याला चटकन ओळखतील आणि निश्चिंत होतील. खरा तसा नसतो. ताप आला तर तो उशाशी बसतो, खरजेला मलम लावतो. मुलांचं भलं व्हावं म्हणूनच सुताराकडे जातो. तो मला लिहिता आलेला नाही. उद्या नियम बंद करतो. पुढे फायनलला काय होईल, ठाऊक नाही. दमलो आहे.

तुझाच थकलेला मास्तर,
दगा

ता. क. सकाळी प्रार्थनेनंतर मुलांना पाटी बंद झाल्याचं सांगितलं. मधल्या सुट्टीतही कुणी पावरीत बोललं नाही.