जुनेच थेंब घाला

तीर्थरूप बाबांना देजॉनहून हारानचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईची किमची अजून पुरतेय. यंदाचं समुद्रशेवाळ नीट वाळलं का?

बोराताईचा फोन आला होता. तुम्ही चुसॉकच्या सणापासून काचबिंदूचे थेंबच बंद केलेत, आणि डाव्या डोळ्याची गेलेली नजर आता परत यायची नाही, असं ती म्हणाली. डॉक्टर रागावले, तर तुम्ही त्यांनाच म्हणालात, "माझ्या पोरीचं औषध येतंय, तुमचं ठेवा तुमच्यापाशी!"

बाबा, ऐकून माझी मान खाली गेली. सणाला काकांसमोर मीच फुशारकी मारली होती, की आमच्या प्रयोगशाळेतलं औषधाचं जेल डोळ्यात गेलं की आपोआप जाळं विणतं आणि महिनाभर थोडं थोडं औषध सोडतं. पण चाचणीत सशाच्या डोळ्यात ते जाळं दिवसभरात सुटतं आणि सगळं औषध एकदम वाहून जातं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तुम्ही इतक्या कौतुकाने बघत होतात, की सांगवलंच नाही.

आमचं औषध यायला कित्येक वर्षं लागतील, कदाचित येणारही नाही. उजवा डोळा अजून शाबूत आहे. पत्र वाचून झालं की आधी जुनेच थेंब घाला.

शनिवारी येतेय. माझ्यावर हवं तेवढं रागवा, पण थेंब चुकवू नका.

तुमची,
हारान