घाटाला कुलूप

कुंभकोणम्,
शुक्रवार, दुपार

प्रिय अण्णा,

तू असताना मी तुला कधी लांब पत्र लिहिलं नाही. आज लिहायला बसलो, कारण तुमच्या नगरसुधारणा समितीचे अध्यक्ष सकाळी घरी येऊन गेले. तुझी रिकामी जागा ते मला देऊ करताहेत. उद्या हो की नाही कळवायचं आहे. आणि हे तुला सांगायचं नाही तर कुणाला?

"रायर, तुम्ही शांत माणूस. समितीला असाच माणूस हवा," असं म्हणाले. म्हणजे खुर्ची भरावी आणि आवाज होऊ नये! वैनी आतून म्हणाल्या, "मग आमचा पाटा घेऊन जा म्हणावं. तोही गप्प असतो." अध्यक्षांना मराठी कळत नाही, हे आपलं भाग्य.

तुला जाऊन महिना होत आला. तुमच्या त्या नव्या कमानीखाली सभा भरवून सगळ्यांनी तुझ्यावर भाषणं केली, तुला द्रष्टा म्हणाले. मी काही बोललो नाही. तुझ्या योजनेबद्दल मला काय वाटतं ते तुला ठाऊक होतं. तो विषय निघाला की मी पानावरून उठायचो, तेवढं तुला पुरे होतं.

ते मद्रासचं खूळ! एकदा समुद्रकिनाऱ्यावर संध्याकाळी बसून आलास आणि आपल्या गावाला किनारा द्यायचं तुझ्या मनाने घेतलं. माघात स्नानाला लोक येतात, बुडी मारतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. ते दोन दिवस राहिले पाहिजेत, नदीकाठचा बाजार उजळला पाहिजे. त्यासाठी कमान, विजेचे खांब, सगळ्या दुकानांवर एकसारख्या निळ्या पाट्या. आणि बाकं, नदीकडे तोंड करून! अरे, आपली कावेरी आषाढात भरते आणि माघ सरता सरता वाळू उघडी पडते. उरलेले महिने बाकावर बसून माणसाने काय पाहायचं, वाळूत लोळणारी गाढवं?

तेवढ्यावरही तुमचं भागलं नाही. मग तुमचं लक्ष घाटावरच्या दहाव्याच्या मंडपाकडे गेलं. केस उतरवणारे न्हावी, पिंड मांडणारे शास्त्री, ओल्या पंच्याने बसलेली माणसं. "पाहुणा गावात शिरतो आणि पहिलं दर्शन मुंडणाचं? शोभतं का हे?" वाक्य तुझंच. टाळ्या पडल्या म्हणे. मंडप पाडला, घाटाला फाटक बसलं, फाटकाला कुलूप लागलं आणि मेलेल्यांची कार्यं धोबीघाटाच्या पलीकडे काटेरी झुडपांत गेली.

इतकी शिकलेली माणसं तुम्ही, एका टेबलाभोवती बसत होता. त्या बाजाराचं पोट कशावर भरतं, हा प्रश्न एकालाही पडला नाही? माघातले यात्रेकरू येतात आणि जातात. माणसं मात्र बाराही महिने मरतात, अण्णा! आडुतुरैहून, स्वामीमलैहून, आसपासच्या खेड्यांतून लोक दहाव्याला आपल्या घाटावर येत. दर्भ, तीळ, मडकी, नवी धोतरं घेत. कार्य आटोपलं की कॉफी पीत, घरी न्यायला केळी घेत. आता निळ्या पाट्यांखाली दुकानदार माशा मारत बसलेत. कॉफीवाला मणी मला म्हणाला, "तुमच्या अण्णांनी माझी गिऱ्हाइकं झुडपात पाठवली. मी काय बाकांना कॉफी पाजू?"

आणि फाल्गुनात तूच गेलास.

नवव्या दिवशी संध्याकाळी अध्यक्ष आले. चेहरा पाडलेला होता, पण बोलणं कंत्राट मिळाल्यासारखं. "उद्या फाटक उघडं ठेवायला सांगितलंय. काही काळजी करू नका. रायरांना कोण अडवणार?"

वैनी दाराआडून बोलल्या, अध्यक्षांना कळावं म्हणून तमिळमध्ये. "नियम ह्यांनीच केला ना? मग ह्यांच्यासाठीच कसा मोडता?"

"अम्मा, नियम बाहेरच्यांसाठी असतो. ते तर आपलेच."

किती सहज बोलला तो माणूस! तुमच्या सगळ्या बैठकांचं सार त्याने आमच्या ओसरीवर एका वाक्यात सांगून टाकलं. मी एवढंच म्हणालो, "नको."

"अय्यो, मी काय वाईट बोललो?" ते जाईपर्यंत हेच विचारत होते. खरंच त्यांना कळलं नव्हतं.

तुझ्यावर राग होता का? होता. पण तुला असं गुपचूप आत न्यायची लाज त्याहून मोठी होती.

तुझं दहाव्याचं कार्य धोबीघाटापलीकडेच केलं. तिथे पायऱ्या नाहीत. सावली नाही. वाळू तापलेली, आणि पाणी पार मधोमध सरकलेलं. वैनींना दोघांनी धरून उतरवलं. तुझी मित्रमंडळी वर रस्त्यावर छत्र्या उघडून उभी राहिली. खाली एकही आला नाही. चपला खराब होतील ना!

शेजारी तिरुभुवनम्‌चा एक विणकर आईचं कार्य करत होता. पाय भाजत होते म्हणून तो सारखा एका पायावरून दुसऱ्यावर होत होता. मला म्हणाला, "सार, ही जागा ज्याने शोधली तो मला एकदा भेटू दे. दिवसभर इथेच उभा करतो की नाही बघा!"

"भेटणार नाही," मी म्हणालो.

"का? मोठा माणूस आहे?"

मी दर्भावरच्या दगडाकडे बोट केलं. "हे त्याचंच चाललंय."

बिचाऱ्याने घाईघाईने हात जोडले, आधी मला, मग दगडाला. शास्त्रीबुवा मंत्र विसरले. आणि वैनी हसल्या, अण्णा! तू गेल्यापासून पहिल्यांदाच. मग पदर तोंडाशी धरून खूप वेळ रडल्या.

निघताना त्या विणकराने हळूच विचारलं, "तुम्हाला तर त्यांनी फाटक उघडलं असतं ना?" मी होकाराची मान डोलावली. "मग आमच्यासाठी एक शब्द टाका की." त्याला मी उत्तर दिलं नाही. आज देतो आहे.

उद्या मी हो म्हणणार. त्यांना पाटा हवाय, तर पाटा म्हणूनच आत जाईन. पहिल्याच बैठकीत उभा राहून तुझ्या ठरावाविरुद्ध बोलेन. आवाज कापेल, कापू दे. घाट उघडा, मंडप परत बांधा, एवढंच म्हणेन. ऐकलं नाही तर पुढच्या बैठकीत पुन्हा तेच, त्यांना माझा वीट येईपर्यंत आणि वीट आल्यावरही.

त्या फाटकावर तुझं नाव कोरायचं घाटतंय. ते मी होऊ देणार नाही, हे माझं वचन. तू चुकलास, अण्णा, फार चुकलास. पण तापल्या वाळूकडे जाणाऱ्या प्रत्येक माणसाने आधी माझ्या भावाचं नाव वाचावं आणि मग शिवी हासडावी, हे मला बघवणार नाही.

तुझा धाकटा,
गुंडू